येशूचा चेहरा कोणी ठरवला?

मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानांत येशू कोणाच्या घरी जेवला, कधी दमून झोपला, कोणावर चिडला, कुठं रडला हे सगळं येतं. तो दिसायला कसा होता हे मात्र एका ओळीतही येत नाही. उंच की ठेंगणा, गोरा की सावळा, दाढी होती की नव्हती, काहीच नाही. आडून मिळणारा एक पुरावा तेवढा आहे. गेथशेमाने बागेत त्याला धरायला लोक आले तेव्हा नेमका माणूस कळावा म्हणून फितूर झालेल्या शिष्याला, यहूदा इस्कार्योतला, त्याचं चुंबन घेऊन खूण पटवावी लागली. म्हणजे शिष्यांच्या घोळक्यात तो चटकन वेगळा काढता येण्यासारखा नव्हता. गालील प्रांतातल्या इतर यहुदी पुरुषांसारखाच एक.

तरी आज कोणालाही, ख्रिस्ती असो वा नसो, येशू कसा दिसतो असं विचारलं तर उत्तर तयार असतं. खांद्यापर्यंत केस, मधोमध भांग, तपकिरी दाढी, गोरा रंग, लांब पांढरा झगा, कधी निळे डोळेसुद्धा. या विषयावर बोलताना लोक साधारण असं गृहीत धरतात की हा झाला मूळ येशू, आणि मग आफ्रिकेनं आपला काळा येशू काढला, जपाननं येशूची आई मारिया किमोनोत काढली, भारतानं तिला साडी नेसवली. माझ्या मते गफलत इथंच होते. गोरा येशूही देशीच आहे, फक्त तो युरोपचा देशी. त्याच्या नशिबात गलबतं आली, छापखाने आले, आणि एका भागातली रीत जगाची रीत होऊन बसली.

सुरुवातीपासून पाहू.

सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचं एक गाव होतं. तिथं एका राहत्या घराचं प्रार्थनाघर केलेलं सापडलं आणि त्याच्या भिंतींवर इ.स. २३५ च्या सुमाराची चित्रं मिळाली. आता ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. एका चित्रात पक्षाघात झालेला माणूस बरा होऊन आपली खाट पाठीवर घेऊन निघालाय, आणि त्याला बरं करणारा येशू आखूड केसांचा, बिनदाढीचा तरुण आहे. रोमच्या भुयारी दफनभूमींमध्येही तसंच. तिथं तो बहुतेकदा मेंढरू खांद्यावर घेतलेला पोरगेलासा मेंढपाळ असतो. ही मेंढपाळाची आकृती ख्रिस्ती लोकांनी नव्यानं शोधलेली नाही, रोमन कलेत ती आधीपासून होती. कारागिराला जो नमुना हाताशी होता, तो त्यानं वापरला.

चौथ्या शतकात गणित बदललं. ख्रिस्ती धर्म सम्राटाचा धर्म झाला आणि मेंढपाळाला सिंहासन मिळालं. रोमच्या सांता पुदेन्झियाना चर्चमध्ये इ.स. ४०० च्या आसपासचं मोझेइक आहे. त्यात येशू सोनेरी वस्त्रात, रत्नजडित आसनावर बसलाय, भरघोस दाढी, लांब केस. रोमन प्रेक्षकाला यात त्यांच्या देवांचा राजा ज्युपिटर ओळखीचा वाटला असणार. देव आणि राजा दाखवायचा तर दाढी हवी, वजन हवं, आसन हवं, हा तिथला संकेत. पण जुना बिनदाढीचा येशू लगेच निवृत्त झाला नाही. इटलीतल्या रावेन्ना शहरात सांत'अपोलिनारे नुओव्हो हे सहाव्या शतकाच्या सुरुवातीचं चर्च आहे. त्याच्या एका भिंतीवर चमत्कार करणारा येशू सफाचट चेहऱ्याचा आहे, आणि समोरच्या भिंतीवर अटक होऊन मृत्यूकडे जाणारा येशू दाढीवाला. एकच चर्च, एकच काळ, आणि कोणाला त्यात काही खटकलं नाही.

कोणाला खटकलंच नाही असंही नाही म्हणा. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या थिओडोर नावाच्या सहाव्या शतकातल्या इतिहासकारानं एक गोष्ट लिहून ठेवली आहे. एका चित्रकारानं येशूला झ्यूस देवासारखं रंगवलं आणि त्याचा हातच वाळून गेला. पुढं धर्मगुरूंच्या प्रार्थनेनं तो बरा झाला. गोष्टीच्या शेवटी थिओडोर जोडतो की येशूचं दुसरं रूप, आखूड आणि कुरळ्या केसांचं, हेच जास्त खरं. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच चित्रातल्या लांब केसांवर कोणीतरी बोट ठेवलं होतं.

याच वादाचा एक पुरावा नाण्यांवर सापडतो, आणि मला तो फार आवडतो. बायझंटाइन सम्राट दुसरा जस्टिनियन यानं ६९० च्या दशकात येशूचा चेहरा नाण्यावर छापला. त्यात लांब केस, दाढी, झ्यूसच्या वळणाचा भारदस्त चेहरा. ६९५ मध्ये या सम्राटाला नाक कापून हाकलून दिलं. ७०५ मध्ये तो परत गादीवर आला आणि पुन्हा नाणी पाडली. या खेपेला येशूचे केस आखूड आणि दाट कुरळे, दाढी कापलेली, चेहरा तरुण. राजा तोच, टांकसाळ त्याच साम्राज्याची, आणि देवाचे चेहरे दोन. पहिला चेहरा पुढं टिकला, दुसरा इतिहासजमा झाला. नाहीतर आज भिंतीवरच्या तसबिरीत आपल्याला कुरळ्या केसांचा येशू दिसला असता आणि तोच स्वाभाविक वाटला असता.

लांब केसांबद्दल आणखी एक विसंगती. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, पुरुषानं लांब केस राखणं त्याला लाजिरवाणं आहे असं स्पष्ट म्हटलंय. येशूचे केस खांद्यावर रुळत असते, तर त्याच्याच नावानं प्रचार करणाऱ्या माणसाच्या लेखणीतून हे वाक्य उतरलं असतं का?

युरोपनं त्याला आपल्या गल्लीत आणलं

पुढची हजार वर्षं युरोपीय चित्रकार तेच करत होते जे सगळेच करतात. ब्रुगेल या फ्लँडर्सच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, चित्रकाराचं १५६६ चं एक चित्र ब्रुसेल्सला आहे. विषय बेथलेहेमची शिरगणती, म्हणजे गरोदर मारियेला घेऊन योसेफ नावं नोंदवायला येतो तो प्रसंग. चित्रात बेथलेहेम बर्फाखाली आहे. गोठलेल्या तळ्यावर पोरं घसरतायत, उतरत्या छपरांची डच वळणाची घरं आहेत, खानावळीसमोर डुक्कर कापणं चाललंय. यहुदी लोकांच्या बेथलेहेममध्ये डुक्कर! ब्रुगेलला हे कळत नव्हतं असं नाही. त्याला ही गोष्ट आपल्या गावात घडवायची होती. आपल्याकडे डिसेंबरात वसईपासून मडगावपर्यंत नाताळच्या गोठ्यांवर जो कापसाचा बर्फ पसरतात, तो याच उत्तरेकडच्या बेथलेहेममधून आलाय. पॅलेस्टाइनमधून तो आलेला नाही.

मारियेचा निळा शेला हीसुद्धा अशीच मजेदार गोष्ट. युरोपीय चित्रांतला तो गडद निळा रंग लाजवर्द दगड कुटून करत. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून येई आणि भयंकर महाग असे. देवमातेच्या अंगावर पैशानं मोजता येईल असा मान चढवायचा ही कल्पना. म्हणजे सगळ्यांत युरोपीय वाटणाऱ्या मारियेच्या अंगावर आशियातला दगड आहे.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात रोमच्या लेंटुलस नावाच्या अधिकाऱ्यानं लिहिलेलं म्हणून एक पत्र फिरू लागलं. त्यात येशूचं वर्णन होतं: पिकलेल्या हेझलनटच्या रंगाचे केस, मधोमध भांग, दुभंगलेली दाढी, निष्कलंक, किंचित लालसर चेहरा. पत्र बनावट होतं. त्या नावाचा असा कोणी अधिकारी पॅलेस्टाइनमध्ये नव्हता. पण चित्र आधी तयार होतं, त्याला साक्षीदार हवा होता, तो या पत्रानं पुरवला. आजचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड याच घराण्यातले.

गोऱ्या युरोपनं सगळ्यांनाच गोरं केलं असंही मात्र नाही. जर्मनीत माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये संत मॉरिसचा १२४० च्या सुमाराचा पुतळा आहे. तो साखळ्यांच्या चिलखतातला काळा आफ्रिकी योद्धा आहे आणि चेहरा इतका नेमका कोरलाय की समोर कोणी खरा माणूस बसवला असावा. पूर्वेकडून बाळ येशूला पाहायला आलेल्या ज्ञानी पुरुषांचंही तसंच. मत्तयानं त्यांची संख्या सांगितलेली नाही, नावं नाहीत, ते राजे होते असंही नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन झाली, पुढं त्यांना मुकुट मिळाले, मग त्यांचा संबंध तेव्हा माहीत असलेल्या तीन खंडांशी जोडला गेला आणि पंधराव्या शतकापासून त्यांतला एक सर्रास काळा रंगवला जाऊ लागला. गोव्यात मांडवीच्या तोंडावरच्या गावाला आणि किल्ल्याला याच तीन राजांचं नाव आहे, रेइश मागुश. ६ जानेवारीला कासावलीच्या बाजूला आजही तीन मुलगे राजे बनून घोड्यावर मिरवतात. राजे तिथले, घोडे तिथले, चेहरेही तिथलेच.

काळी मारिया म्हणजे आफ्रिकी मारिया?

इथं जरा थांबायला हवं, कारण रंगावरून वंश ठरवायची घाई इथं अंगाशी येते. युरोपात काळ्या चेहऱ्याच्या मारिया पुष्कळ आहेत, काही मूर्ती, काही चित्रं. पोलंडमध्ये चेंस्तोहोवाची, स्पेनमध्ये मोन्सेराटची, स्वित्झर्लंडमध्ये आइन्झिडेल्नची. यांचा काळा रंग आला कुठून, यावर दर मारियेमागे वेगळं उत्तर आहे. कुठं मेणबत्त्यांचा धूर बसला, कुठं जुनं वार्निश काळवंडलं, कुठं मुळातच गडद रंग दिला.

आइन्झिडेल्नची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १७९८ मध्ये फ्रेंच फौजा आल्या तेव्हा मूर्ती लपवून बाहेर नेली. त्या काळात ती दुरुस्तीसाठी एका कारागिराकडे गेली. त्यानं शतकानुशतकांची काजळी काढली तर खालून माणसाच्या कातडीचा रंग निघाला. पण मठाला परत पाठवण्याआधी तिला पुन्हा काळं रंगवलं, कारण भाविकांची देवी काळी होती. उजळलेली मूर्ती त्यांना आपली वाटली नसती. उलटा प्रकार फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये अलीकडच्या दशकात घडला. जीर्णोद्धारात तिथली स्तंभावरची काळी मारिया गोरी झाली आणि लोक भडकले. तज्ज्ञ म्हणाले, मुळात ती अशीच होती. लोक म्हणाले, आमच्या आजीनं जिला मेणबत्ती लावली ती ही नव्हे. दोघांचंही खरं आहे, हाच तर घोळ.

मेक्सिकोच्या ग्वादालूपेच्या मारियेची तऱ्हा वेगळी. परंपरा सांगते की १५३१ मध्ये, म्हणजे स्पॅनिशांनी अझ्टेक राज्य बुडवल्यावर दहा वर्षांनी, तेपेयाक टेकडीवर हुआन दिएगो नावाच्या स्थानिक माणसाला ती दिसली, त्याच्याच नाहुआत्ल भाषेत बोलली आणि त्याच्या पांघरुणावर तिची प्रतिमा उमटली. चेहरा सावळा. लोक तिला लाडानं सावळी म्हणूनच हाक मारतात. जेत्यांचा धर्म जितांच्या रंगात आला आणि पुढं स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात तीच निशाणावर चढली.

इथिओपियाला तर कोणा जेत्याची गरजच नव्हती. तिथला राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला. उत्तर युरोपचा बराचसा भाग बाप्तिस्मा घेण्याच्या कितीतरी आधी. त्यांच्या चित्रांतले संत तपकिरी, मोठ्या टपोऱ्या डोळ्यांचे. तिथला एक जुना संकेत भारी आहे: चांगली माणसं समोरून, दोन्ही डोळ्यांनिशी दाखवायची, आणि दुष्ट माणसं एका बाजूनं, एकाच डोळ्याची. कातडीच्या रंगानं नव्हे, डोळ्यांच्या संख्येनं बरावाईट ओळखायचा.

गोवा: मेंढपाळ मांडी घालून बसतो

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. चर्चं उभी राहू लागली आणि मूर्तींची मागणी वाढली. त्या घडवणारे हात बहुतेक स्थानिक कारागिरांचे, त्यांतले बरेच हिंदू. हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करून घेऊ नयेत असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले. हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागतात तेव्हा ते पाळले जात नसतात, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

या हातांतून सतराव्या शतकात एक विलक्षण गोष्ट निघाली: हस्तिदंतातला 'उत्तम मेंढपाळ'. अशा मूर्ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासह अनेक ठिकाणी आहेत. एखादी जवळून पाहा. वीतभर, फार तर हातभर उंची. वरच्या टोकाला लोकरीचा अंगरखा घातलेला मुलगा बसलाय. एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर, कमरेला भोपळ्याचा तुंबा. पाय एकमेकांवर घेतलेले, उजव्या हातावर गाल टेकलेला, डोळे मिटलेले. तो झोपलाय की ध्यानात आहे ते सांगता येत नाही. खाली डोंगर टप्प्याटप्प्यानं उतरतो. मधल्या टप्प्यावर कारंजं, त्याचं पाणी प्यायला मेंढ्या आणि पक्षी जमलेत. सगळ्यांत खाली गुहेत येशूची शिष्या मग्दालियाची मारिया आडवी होऊन पुस्तक वाचतेय. विषय पूर्ण ख्रिस्ती. पण ते मिटलेले डोळे आणि ती बैठक युरोपात कुठं अशी सापडत नाही. ती इथल्या हातांची सवय आहे. हस्तिदंत बहुधा पूर्व आफ्रिकेतून आलेला, गिऱ्हाईक पोर्तुगीज, छिन्नी कोकणातली.

गोव्यातूनच १५८० मध्ये जेझुइट पाद्री अकबराच्या बोलावण्यावरून फत्तेपूर सिक्रीला गेले. भेट म्हणून त्यांनी अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल नेलं, आणि मारियेच्या एका रोमन चित्राची प्रतही. बादशहाच्या चित्रकारांनी त्यातली कोरीव चित्रं उचलली, आपल्या रंगांत उतरवली, मागं मुघल निसर्ग टाकला. मारिया त्यांना परकी नव्हती. कुराणात तिच्या नावाचा अख्खा सूरा आहे. पाद्र्यांना वाटलं बादशहा बाप्तिस्म्याच्या वाटेवर आहे. बादशहाला चित्रं आवडली होती, एवढंच.

जपानमध्ये १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. ती १८७३ पर्यंत टिकली. लपून राहिलेल्या ख्रिस्ती घरांनी करुणेची देवता कान्नोन हिच्या, मांडीवर मूल असलेल्या मूर्ती ठेवल्या आणि मनातल्या मनात तिला मारिया मानलं. इथं रूपांतर हौसेनं झालं नाही, जीव वाचवायला झालं.

मग छापखाने आले, आणि विविधता आटली. आपल्याकडं हे आपण दुसऱ्या दारानं अनुभवलंय. राजा रवि वर्मानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, आणि पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. त्यातून निघालेल्या तसबिरींनी लक्ष्मी-सरस्वती कशा दिसतात हे घराघरांत पक्कं केलं. आज कोणी वेगळी सरस्वती काढली की 'सरस्वती अशी दिसत नाही' म्हणणारे लोक खरं तर एका छापखान्याशी निष्ठा राखून असतात. ख्रिस्ती जगात हेच काम आधी कॅथलिक धार्मिक छापील चित्रांनी आणि नंतर शिकागोच्या वॉर्नर सॅलमननं केलं. त्याचा १९४० चा येशू, तांबूस सोनेरी उजेडात बाजूला पाहणारा, ५० कोटींहून जास्त प्रतींत छापला गेला असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या खिशात मावतील अशा प्रती अमेरिकी सैनिकांना वाटल्या गेल्या. टेबललॅम्प, घड्याळं, कॅलेंडर, सगळीकडे तो एकच. मूळचा शिकागोचा माणूस सगळ्या जगाचा येशू झाला.

या सपाटीकरणाला आपल्याकडच्या एका माणसानं शांतपणे नकार दिला. आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, गोव्यातल्या सांत इस्तेव गावचे. मुंबईच्या जे. जे. मध्ये काही काळ काढला, पण तिथलं पाश्चात्त्य वळण त्यांना रुचेना. ते बंगालमध्ये गेले, अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि गोव्यात परतून साडीतली, गव्हाळ-सावळी मारिया रंगवू लागले. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्याला ते मानवलं नाही. देवमाता आणि ती आपल्या घरातल्या बाईसारखी? ज्यांच्या घरात स्वतः आई-आजी तशाच दिसत होत्या, त्यांनाही ते खपलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. फोन्सेका पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. आश्रम अँग्लिकन पंथाचा, हे कॅथलिक. तिथं त्यांनी जलरंगांत शेकडो चित्रं केली. त्यातल्या मारिया अनवाणी आहेत, डोळे लांबट आणि खाली झुकलेले, पदर डोक्यावरून घेतलेला. १९६७ मध्ये पुण्यातच ते गेले. कॅथलिक धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, स्थानिक संस्कृतीतून धर्म मांडावा हे चर्चचं अधिकृत धोरण बनू लागलं होतं. त्यांना हा बदल जेमतेम पाहायला मिळाला. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे.

पण आपलंसं करायला चेहरा बदलावाच लागतो असं नाही, आणि याचा सगळ्यांत चांगला दाखला म्हापशात आहे. तिथल्या सेंट जेरोम चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मारियाच, दिसायला युरोपीय वळणाचीच आहे. तरी लोककथा सांगते की ती सात बहिणींतली एक. शिरगावची लईराई, मये गावची महामाया, मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी, आणि ही ख्रिस्ती झाली एवढंच. ईस्टरनंतर येणाऱ्या तिच्या फेस्ताला हिंदू रांगेत उभे राहून तेल वाहतात. नाक-डोळे परके, नातं सख्खं.

आणि जिथं हे बिघडतं

'प्रत्येकानं आपापल्यासारखा काढला, छान आहे' असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. जर्मनीत आइझेनाख इथं १९३९ मध्ये प्रोटेस्टंट धर्मपंडितांनी एक संस्था काढली. तिचा उद्देश होता चर्चच्या जीवनातून यहुदी प्रभाव पुसून टाकणं. वॉल्टर ग्रुंडमान हा तिचा म्होरक्या. गालीलात मुळात यहुदी नव्हतेच, तेव्हा येशू यहुदी नव्हता, असा त्यांचा सिद्धान्त. बायबलमधून हिब्रू वळणाचे शब्द काढून नवी आवृत्तीही छापली. हाही एक 'आपला येशू'च होता. फोन्सेकांनी मारियेला साडी नेसवली तेव्हा ती नाझरेथची नव्हती असा दावा त्यांनी केला नव्हता. आइझेनाखवाल्यांनी नेमका तोच दावा केला, आणि तोही येशूच्या जातभाईंची कत्तल सुरू असताना. त्याच्या एक वर्ष आधी, १९३८ मध्ये, मार्क शागाल या यहुदी चित्रकारानं क्रुसावरच्या येशूच्या कमरेला यहुदी प्रार्थनेची शाल गुंडाळलेली दाखवली आणि भोवती जळणारी घरं, पळणारी माणसं. शतकानुशतकं चित्रांतून जी गोष्ट सगळ्यांत पद्धतशीर गळत गेली ती रंग नव्हे, यहुदीपण, हे त्यानं एका कापडाच्या तुकड्यानं दाखवून दिलं.

अमेरिकेत १९६७ च्या ईस्टरला डेट्रॉइटच्या एका कृष्णवर्णीय चर्चनं अठरा फुटी काळ्या मारियेचं चित्र लावलं. ज्यांना लहानपणापासून गोरा देव आणि गोरे मालक एकाच वेळी दाखवले गेले, त्यांनी हे का केलं ते वेगळं समजवायला नको.

आपल्या देशातला अलीकडचा वाद जास्त अवघड आहे. २०१३ मध्ये रांचीजवळ सिंगपूर गावी चर्चनं मारियेचा पुतळा बसवला. लाल काठाची पांढरी साडी, बाळ झोळीत बांधलेलं, अगदी आदिवासी बाई. सरना धर्म मानणारे आदिवासी मोर्चे काढून रस्त्यावर आले. त्यांचं म्हणणं, ही साडी आमच्या सणाची, आमच्या पूजेची. आमची देवी समजून आमची माणसं तुमच्या दारात यावीत म्हणून हा वेष. चर्चचं म्हणणं, आमचे भाविकही आदिवासीच आहेत, त्यांची आई त्यांच्यासारखी का दिसू नये? फोन्सेकांना ज्यासाठी गोवा सोडावा लागला, तीच गोष्ट इथं कपट म्हणून पाहिली गेली. चित्र तेच असलं तरी ते कोणी, कोणाच्या वस्तीत, कोणाला विचारून लावलं यानं त्याचा अर्थ पालटतो. माझ्यापुरतं सांगायचं तर सरना लोकांचा संशय मला अनाठायी वाटत नाही, आणि आदिवासी ख्रिस्ती बाईचा हक्कही नाकारता येत नाही. दोन्ही एकदम धरून बसणं गैरसोयीचं आहे खरं.

राहता राहिला मूळ प्रश्न: तो दिसत कसा होता? २००१ मध्ये बीबीसीच्या एका मालिकेसाठी ब्रिटिश चेहरातज्ज्ञ रिचर्ड नीव्ह यांनी पहिल्या शतकातल्या यहुदिया प्रांतातल्या एका कवटीवरून चेहरा उभा केला. रुंद तोंड, गव्हाळ-तपकिरी कातडी, आखूड कुरळे केस, छोटी दाढी. हा येशू नव्हे, त्याच्या काळातला कोणी एक माणूस, पण अंदाज बांधायला तसबिरीपेक्षा बरा. जोन टेलर या अभ्यासिकेनं नंतर हाडांचे अवशेष, इजिप्तमधली ममींवरची रंगीत व्यक्तिचित्रं, सापडलेली कापडं हे सगळं तपासून साधारण तसंच चित्र मांडलं. उंची सुमारे १६६ सेंटीमीटर, काळे केस, तपकिरी डोळे, आणि गुडघ्यापर्यंतचा साधा, न रंगवलेल्या लोकरीचा अंगरखा. पायघोळ झगा नाही, कारण मार्कच्या बाराव्या अध्यायात येशूच लांब झगे घालून मिरवणाऱ्या शास्त्र्यांवर ताशेरे ओढतो. दुसरा अंगरखाही नाही, कारण शिष्यांना वाटेला लावताना दोन अंगरखे घेऊ नका असं तो बजावतो. बदलायला कपडे नसलेला, पायी गावोगाव हिंडणारा, मिळेल तिथं पथारी टाकणारा माणूस. त्याचा अंगरखा मळका, धुळीचा, कदाचित विरलेला असणार. रोमच्या, फ्लँडर्सच्या, इथिओपियाच्या, शिकागोच्या आणि पुण्याच्या चित्रकारांचं रंग, केस, नाक, डोळे यांवर कधी एकमत झालं नाही. कपडे मात्र बहुतेकांनी धुऊन दिलेत.